नव्या मोटारीचा भाव

नव्या मोटारीची किंमत किती, या साध्या प्रश्नाला एक उत्तर नाही. जाहिरातीत एक आकडा असतो, त्याला ‘एक्स-शोरूम’ म्हणतात. शोरूममधल्या टेबलाशी जाऊन बसले की दुसरा आकडा पुढे येतो, तो ‘ऑन-रोड’. आणि तासाभराच्या बोलण्यानंतर, थंड पाण्याचे दोन पेले व चहाचा एक कप पोटात गेल्यावर, तिसराच आकडा कागदावर उमटतो. त्याखाली विक्री प्रतिनिधी सही करतो आणि आवाज उतरवून सांगतो, “साहेब, हा भाव बाहेर कुठे बोलू नका.” त्याच आठवड्यात शेजारचा गृहस्थ त्याच शोरूममधून त्याच रंगाची तीच गाडी घेतो, तेव्हा त्याचा आकडा चौथा असतो. वस्तू एक, विकणारा एक, दिवसही जवळपास तेच. मग किंमत निराळी का, आणि त्या निराळेपणात कुणावर अन्याय होतो का? घर सोडले तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातली ही बहुधा सर्वांत मोठी खरेदी. तिच्याविषयीचा हा प्रश्न केवळ हिशेबाचा आहे, असे आम्हांला वाटत नाही.

आपल्याकडे तो तसा नवाच आहे. साठी ओलांडलेल्या वाचकांना तो काळ आठवत असेल, जेव्हा फियाट किंवा अँबॅसिडर घ्यायची तर आधी नंबर लावावा लागे आणि नंबर लागेपर्यंत घरातले मूल शाळेतून कॉलेजात जाई. 14 डिसेंबर 1983 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. त्यानंतरही कित्येक वर्षे मागणी इतकी होती की, ज्याचा नंबर लागला त्याच्याकडून वर ‘ऑन’ देऊन गाडी घेणारे लोक होते. बजाज स्कूटरचीही तीच कथा. त्या दिवसांत घासाघीस नव्हती असे नाही. ती उलट दिशेने चाले. अजीजी गिऱ्हाइकाने करायची आणि विकणाऱ्याने घड्याळाकडे पाहायचे. 1993 साली मोटार उद्योग परवान्याच्या जाचातून सुटला, परदेशी कंपन्या आल्या, शोरूमला काचेच्या भिंती आल्या आणि गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची मिळाली. आज गाडी विकणारे अनेक आहेत. म्हणून सवलत आली आणि सवलतीबरोबर ती मिळवण्याचे कसबही आले. ते कसब काहींपाशी आहे, काहींपाशी नाही. आमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आधी तो कागद, म्हणजे कोटेशन, जरा नीट वाचू. वरच्या ओळीत एक्स-शोरूम किंमत. तीत जीएसटी आलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा हा कर 18 टक्के झाला आणि मोठ्या मोटारींवरचा 40 टक्के, तेव्हा रातोरात आकडे बदलले. त्याखाली आरटीओचा कर व नोंदणी. तिथे घासाघिशीला वाव नाही, कारण तो पैसा सरकारचा. किंमत दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस लागतो. तो आपल्या आयकरातून पुढे वळता होतो, ही गोष्ट मात्र आपणहून सांगणारा विक्रेता विरळा. मग विमा. 2018 च्या सप्टेंबरपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नव्या मोटारीचा तृतीय-पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे हा आकडा भरभक्कम दिसतो. पण तो विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ही निवड गिऱ्हाइकाची आहे. त्याखाली ॲक्सेसरीज, मॅटिंग, रंगावरचे कोटिंग, वाढीव वॉरंटी. आणि कुठेतरी शेवटी, बारीक अक्षरांत, ‘हँडलिंग चार्जेस’. हे कशाचे, असे विचारले तर उत्तर मिळते, की गाडी डेपोतून इथे आणली त्याचे. पण दुकानदाराने आपला माल आपल्या दुकानात आणण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून निराळे घ्यावेत, हा न्याय किराणा दुकानात कुणी ऐकून घेतला असता काय? एकाहून अधिक राज्यांच्या परिवहन खात्यांनी विक्रेत्यांना याबाबत वेळोवेळी बजावले आहे. जो विचारतो त्याच्या कागदावरून ही ओळ पुष्कळदा निमूटपणे खोडली जाते. जो विचारत नाही तो ती भरतो.

खुद्द गाडीवर विक्रेत्याला सुटणारे कमिशन काही टक्क्यांतच असते. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि पुढची सर्व्हिसिंग यांत आहे. म्हणून गाडीच्या किमतीत वीस हजार सोडल्याचे तो ठळकपणे सांगतो आणि विम्यात, कर्जाच्या व्याजात तेच हळूच परत येतात. गिऱ्हाईक एका ओळीवर भांडते आणि दुसऱ्या चार ओळींवर सही करते. यात विक्रेता खोटे बोलला असे म्हणता येईल का? प्रत्येक आकडा तर कागदावर लिहिलेला आहे.

न्याय्य किंमत म्हणजे काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी फार पूर्वी हाताळला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूच्या मोलापेक्षा अधिक घेणे हे अन्यायाचे, असे ते म्हणतात. पण त्याबरोबर हेही मान्य करतात की, न्याय्य किंमत हा गणितातल्यासारखा एकच बिंदू नसून एक अंदाज असतो आणि थोड्याफार फरकाने न्याय बिघडत नाही. आम्हांला हे फार समजूतदारपणाचे वाटते. याचा अर्थ असा की, न्याय्य किमतीला एक पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या आत विकणारा वरच्या काठाकडे ओढतो, घेणारा खालच्या. ती ओढाताण म्हणजे घासाघीस, आणि तिच्यात मुळात पाप नाही. पाप असलेच तर ते पट्ट्याबाहेर जाण्यात आहे, किंवा पट्टा कुठे आहे हे दुसऱ्याला कळू न देण्यात.

याच प्रकरणात अक्वायनस आणखी एक सूक्ष्म गोष्ट मांडतात. समोरच्याला वस्तूची निकड फार आहे, पण ती विकल्याने विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत नाही, अशा वेळी केवळ त्याच्या निकडीपोटी भाव चढवू नये. कारण जी निकड विकणाऱ्याची नव्हे, ती तो विकू शकत नाही. शोरूममधला कुशल विक्रेता पहिल्या पाच मिनिटांत काय चाचपतो? गाडी कधी हवी आहे, घरात लग्न आहे का, दसऱ्याला किंवा नाताळच्या आधी न्यायची आहे का, जुनी गाडी बंद पडली आहे का. हे प्रश्न आपुलकीचे वाटतात आणि कधी असतातही. पण त्यांच्या उत्तरांवरून सवलत किती आवळायची ते ठरते. आजारी वडिलांना दर आठवड्याला इस्पितळात न्यायचे आहे, असे जो प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्याच वाट्याला वरचा भाव येण्याचा संभव अधिक.

अर्थात घेणाराही काही कोकरू नसतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात (20:14) अशा गिऱ्हाइकाचे चित्र आहे: घेताना वस्तूला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर सौद्याची फुशारकी मारतो. आज तो दुसऱ्या शोरूमच्या कोटेशनचा हवाला देतो, जे त्याने कधी घेतलेलेच नसते. “तिकडे पंधरा हजार कमी सांगितले,” असे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हा माणूस एरवी बसचे तिकीट न काढता एक थांबाही जाणार नाही. बाजारातले खोटे हे खोटेच नव्हे, तो खेळाचा भाग, अशी त्याची समजूत असते. आम्हांला ती अर्धीच पटते. “मला इतके परवडत नाही,” किंवा “माझी तयारी एवढीच आहे,” या बोलण्यात खेळ आहे आणि तो दोघांना ठाऊक असतो. त्यावर विसंबून कुणी फसत नाही. पण नसलेले कोटेशन असल्याचे सांगणे ही वस्तुस्थितीबद्दलची थाप आहे. तिच्यावर विसंबून समोरचा मुलगा मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन शब्द टाकतो. मॅनेजरचे “वरून परवानगी आणतो” हेही पुष्कळदा तसेच असते, हे आम्ही जाणतो. दोन थापांची बेरीज मात्र सत्यात होत नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात एका नटाची कथा सांगितली आहे. पुढच्या खेळात प्रत्येकाच्या मनातली गोष्ट सांगेन, असे त्याने जाहीर केले. लोकांनी नाट्यगृह भरून टाकले, आणि त्याने सांगितले ते एवढेच की, तुम्हां सर्वांना घेताना स्वस्त हवे आणि विकताना महाग. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण ऑगस्टीन तिथे थांबत नाहीत. आपल्या माहितीतल्या एका माणसाचे उदाहरण ते देतात: त्याच्याकडे कुणी एक हस्तलिखित विकायला आणले. आणणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, हे ओळखून त्याने मागितलेल्याहून कितीतरी अधिक, म्हणजे खरी, किंमत त्याच्या हातावर ठेवली. ही गोष्ट आम्हांला शोरूमपेक्षा एक्स्चेंजच्या टेबलाशी अधिक आठवते. जुनी गाडी देऊन नवी घेणारा माणूस तिथे एकाच वेळी विकणारा आणि घेणारा असतो, आणि दोन्हीकडे त्याचे अज्ञान सारखेच असते. जुन्या विम्यावर साठलेला ‘नो क्लेम बोनस’ हा गाडीचा नसून मालकाचा असतो; तो नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात तो पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे त्याला कुणी सांगायचे? कायद्याने कुणी बांधलेला नसेलही. सिसरोने मांडलेल्या एका जुन्या कोड्यात, दुष्काळग्रस्त ऱ्होड्स बेटावर धान्याचे जहाज घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक असते की, मागून आणखी जहाजे येत आहेत. ते त्याने सांगावे काय? अक्वायनस यांचे उत्तर असे की, न सांगितल्याने न्यायाचा भंग होतो असे दिसत नाही, पण सांगितले तर ते अधिक मोठे सद्गुणाचे कृत्य होईल. या उत्तरावर आमचे पूर्ण समाधान होत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. पुढची जहाजे हा भविष्याचा भाग झाला. बोनस हा गिऱ्हाइकाचा आज मिळवलेला हक्क आहे. गेल्या वर्षी बनलेली गाडी जानेवारीत नवी म्हणून विकताना तिच्या निर्मितीच्या महिन्याबद्दल मौन बाळगणे हेही आम्ही व्यापाऱ्याच्या त्या मौनात बसवणार नाही. ते मालाच्या उणिवेबद्दलचे मौन आहे आणि उणीव लपवून पुरा भाव घेणे अक्वायनस यांनाही मान्य नाही.

घासाघीस म्हटली की आमच्या वसई पट्ट्यातल्या माणसाला शोरूमच्या आधी बाजार आठवतो, आणि तोही टोपलीच्या मागच्या बाजूने. वाड्यांतली भाजी, केळी, फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या बायकांच्या पिढ्या इथे होऊन गेल्या. भवानीच्या वेळी भाव पाडून मागणारे गिऱ्हाईक त्यांनी हसून सोडले आणि कधी शब्दांनी सोलूनही काढले. त्या बाजारात घासाघिशीला एक माणुसकीची मर्यादा होती, कारण दोघीही मालाकडे पाहत, दोघींनाही शेजारच्या टोपलीचा भाव ऐकू येई आणि उद्या पुन्हा गाठ पडायची असे. काचेच्या शोरूममध्ये यांतले काहीच नाही. शेजारच्या टेबलावर काय ठरले ते कळत नाही. विकणाऱ्याने महिन्यात कितीतरी गाड्या विकलेल्या असतात, तर घेणारा दहा वर्षांतून एकदा येतो. मेथीच्या जुडीवर दोन रुपये पाडून घेणारे आपण मोटारीच्या दुकानात गप्प बसतो, असा टोमणा नेहमी मारला जातो. तो खरा आहे. पण त्याचे कारण केवळ भित्रेपणा नव्हे. मेथीचा भाव आपल्याला ठाऊक असतो.

आणि हा गप्पपणा सर्वांना सारखा महाग पडत नाही. 1995 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये इयान एयर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातल्या मोटारविक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणून पाठवलेल्या माणसांना एकच बोलणे, एकच पद्धत शिकवून, जोडीजोडीने, तीनशेहून अधिक वेळा शोरूममध्ये धाडले गेले. बोलणे तेच असूनही गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत कृष्णवर्णीय पुरुषांना सांगितलेला शेवटचा भाव सरासरीने हजार डॉलरहून अधिक चढा निघाला. स्त्रियांनाही चढाच भाव सांगितला गेला. म्हणजे घासाघीस ही कौशल्याची परीक्षा आहे, जो हुशार त्याला फळ, हे म्हणणे तिथे टिकले नाही. उत्तरपत्रिका तीच, गुण निराळे. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर वर्ण नसेल कदाचित. भाषा असेल, पायांतल्या चपला असतील, एकटी आलेली विधवा असेल, बागायत विकून आलेला शेतकरी असेल.

मग भाव एकच ठेवावा, हा उपाय झाला का? सतराव्या शतकात इंग्लंडातल्या क्वेकर दुकानदारांनी हाच मार्ग धरला: एकच किंमत सांगायची आणि तीवर ठाम राहायचे, कारण अधिक सांगून कमी घेणे हे त्यांना असत्य वाटे. मूल पाठवले तरी तोच भाव मिळेल, हा विश्वास त्यांच्या धंद्याला फळला. या पद्धतीबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण आपल्या देशातली अलीकडची एक हकिगत तिच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधते. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक सवलत देऊ नये असे नियंत्रण ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 23 ऑगस्ट 2021 रोजी मारुती सुझुकी कंपनीला दोनशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. आयोगाच्या आदेशात जे वर्णन आहे ते कादंबरीत शोभावे असे आहे: गिऱ्हाइकाचे सोंग घेतलेली माणसे शोरूममध्ये पाठवली जात, जादा सवलत देऊ केली की तसा अहवाल जाई, खुलासा मागवला जाई आणि दंड विक्रेत्यावर, प्रसंगी थेट विक्री करणाऱ्या नोकरावरही बसे. क्वेकर दुकानदाराचा एकच भाव त्याने स्वतःवर घालून घेतलेला होता. वरून लादलेला एकच भाव ही निराळी गोष्ट आहे. तिथे गिऱ्हाइकाला समानता मिळते ती सर्वांनी सारखेच अधिक देण्याची.

टेबलापलीकडच्या त्या मुलाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बहुधा तो पंचविशीतला, नुकता पदवी घेतलेला, गळ्यात टाय, खिशात दुसऱ्या कुणाच्या तरी सहीची वाट पाहणारा कागद. त्याच्या पगाराचा एक हिस्सा महिन्याच्या उद्दिष्टावर अवलंबून असतो. म्हणून महिन्याच्या अखेरीस, आणि डिसेंबरात तर हमखास, सवलत सैल होते. जाणते गिऱ्हाईक तेवढ्यासाठी तारीख पाहून जाते. हे करू नये असे आम्ही म्हणणार नाही. उद्दिष्ट त्याच्यावर गिऱ्हाइकाने लादलेले नाही. परंतु जी सवलत कंपनीच्या किंवा विक्रेत्याच्या खिशातून येते आणि जी त्या मुलाच्या कमिशनमधून कापली जाते, या दोन्ही एकच नव्हेत. शेवटचे दोन हजार तिसऱ्यांदा मागताना ते कुणाच्या पदरातून येणार, हे त्यालाच सरळ विचारता येते. आब्राहामाने सारेच्या दफनासाठी एफ्रोनाकडून मखपेलाची गुहा घेतली, तेव्हा सांगितलेले चारशे शेकेल रुपे त्याने एकही शब्द न बोलता तोलून दिले. यिर्मयाने पुढे सतरा शेकेलांत शेत घेतल्याचे वाचले की एफ्रोनाचा भाव चढाच वाटतो. पण आब्राहाम परका होता, दुःखात होता आणि त्याला ती जागा निर्विवादपणे आपली व्हायला हवी होती. भाव न करण्यालाही कधीकधी असे कारण असते.

राहता राहिले ते प्रतिनिधीचे शेवटचे वाक्य: हा भाव बाहेर बोलू नका. बहुतेक जण मान हलवतात. विशेष सवलतीचा आनंदच असा असतो, की तो एकट्याचा असावा असे वाटते. मात्र ही गुप्तता नेमकी कुणाच्या कामाची, हे पाहिले पाहिजे. ती विक्रेत्याला पुढच्या गिऱ्हाइकापाशी पट्ट्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात करू देते. तिच्यामुळेच शेजारच्या टोपलीचा भाव ऐकू येईनासा होतो. म्हणून आमच्या मते असा शब्द मुळात देऊच नये. “विचारले तर सांगेन,” असे टेबलावरच सांगून टाकावे. त्याने सौदा मोडल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. ज्याने शब्द देऊन टाकला आहे, त्याने तो मोडावा असे आम्ही सुचवणार नाही. दिलेला शब्द गैरसोयीचा झाला म्हणून फोल होत नाही. पण पुढच्या महिन्यात गल्लीतली एखादी शिक्षिका निवृत्तीच्या पैशांतून पहिली गाडी घ्यायला निघाली, तर आपला आकडा न सांगताही तिच्याबरोबर शोरूमपर्यंत जाता येते. विमा बाहेर किती पडतो हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवता येते, गाडीचा निर्मितीचा महिना पाहून घेता येतो, आणि कोटेशन टेबलावर आल्यावर सर्वांत खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून ही कशाची, असे तिच्या वतीने विचारता येते.